वॉरियर्सचे पिक चुकले की पोरं वाया घालवली? हे ठरवायचं तरी कसं?

कुर्टीचा_गार्ड

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते आज एकदाचं लिहून टाकतो, लांब होईल पण वाचा.

मी फोंड्याचा, २०१५ चं टायटल यायच्या आधीपासून अमेरिकेतल्या एनबीए बास्केटबॉल लीगमधली गोल्डन स्टेट वॉरियर्स ही टीम बघतोय. त्यांच्या घरच्या मॅचा आपल्याकडं सकाळी साडेसातला, थंडीत साडेआठला लागतात, म्हणजे पोदेर पाव देऊन गेला की पहिला क्वार्टर आणि उरलेली मॅच कामावर जाताना कुंडईच्या बसमध्ये मोबाइलवर, रेंज गेली की नुसता स्कोअर. इतकी वर्षं हे चाललंय म्हणून या टीमबद्दल जीव तुटतो.

१९ नोव्हेंबर २०२० ची सकाळ मला अजून आठवते. दिवाळी होऊन पाच दिवस झालेले, आमच्या नाक्यावर नरकासुराच्या जळक्या काठ्या आणि तारा अजून तशाच पडलेल्या, आणि मी नि माझा मावसभाऊ ड्राफ्ट, म्हणजे टीमनी नवी पोरं नंबरानं निवडायचा कार्यक्रम, बघायला उठून बसलेलो. त्याच्या आदल्याच सीझनला १५-५० असं लीगमधलं सगळ्यात वाईट रेकॉर्ड, त्यामुळं दुसऱ्या नंबरचा पिक, म्हणजे दुसरी निवड, हातात आलेला. त्यात ड्राफ्टच्या काही तास आधीच बातमी आली की क्ले थॉम्पसनच्या पायाला परत दुखापत, नंतर कळलं अकिलीस (टाचेमागची शीर) गेला. मन इतकं खट्टू झालेलं की जेम्स वाइजमनचं नाव घेतल्यावर आम्ही दोघांनी अक्षरशः टाळ्या वाजवल्या, चला सात फुटी सेंटर तरी आला.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. वाइजमन पहिल्या वर्षी ३९ मॅच खेळला, गुडघा गेला, पुढचा अख्खा सीझन बाहेर, फेब्रुवारी २०२३ मध्ये डेट्रॉइटला दिला. २०२१ ला सातव्या नंबरवर जॉनथन कुमिंगा, चौदाव्यावर मोझेस मूडी. मावसभाऊ म्हणतो तिन्ही पिक वाया, कारण वाइजमनच्या पुढच्याच नंबरला लामेलो बॉल होता, बाराव्याला हॅलिबर्टन, एकविसाव्याला मॅक्सी, तिसाव्याला डेझमंड बेन. कुमिंगाच्या पुढच्याच नंबरला फ्रान्झ वॅग्नर. मूडीनंतर एकच नंबर सोडून शेंगून. मी म्हणतो अरे पोरांना खेळवलंच नाही तर कळणार कसं, त्याच टीममध्ये ती खेळली असती तर वेगळं झालं असतं.

चवथीला सगळे एकत्र जमलो की गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधताना पण आमचं हेच चालू असतं, घरची माणसं कंटाळलीत. तर प्रश्न असा की पिक चांगला की वाईट हे तुम्ही कशावरून ठरवता? नुसतं 'याच्यानंतर कोण आला' बघून? की किती पॉइंट करतो त्यावरून? आणि पोरगं घडलं नाही तर दोष निवडणाऱ्याचा की शिकवणाऱ्याचा, हे बाहेरून बघणाऱ्याला कळू शकतं का?

मडगावचा_तीस_नंबर

मावसभाऊ बरोबर आहे. दुसऱ्या नंबरचा पिक दहा वर्षांतून एकदा हाती लागतो. टीमचा स्टार स्टीफ करी तेव्हा ३२ वर्षांचा होता, टीमला ताबडतोब मदत पाहिजे होती आणि यांनी कॉलेजात फक्त ३ मॅच खेळलेला पोरगा घेतला. आणखी काय बोलायचं.

कुर्टीचा_गार्ड

@मडगावचा_तीस_नंबर पण तेव्हा सगळेच वाइजमनला पहिल्या तिनात धरत होते ना? एकट्या वॉरियर्सचीच चूक कशी?

मडगावचा_तीस_नंबर

सगळे धरत होते म्हणून चूक नाही असं कसं. सगळ्यांचीच चूक. फक्त बिल वॉरियर्सना भरावं लागलं.

डिचोलीकर_थंडर

मी ओकेसीवाला, म्हणजे ओक्लाहोमा सिटी थंडरचा चाहता, त्यामुळं माझं मत बाहेरचं समजा.

मला वाटतं तुम्ही दोघंही एकेका पिकवर भांडताय तिथंच घोळ होतोय. एका पिकवरून टीमची परीक्षा होत नाही, चार-पाच वर्षांचे सगळे पिक एकत्र मांडायला लागतात. आमच्याच मॅनेजर सॅम प्रेस्टीचं घ्या. आज सगळे त्याला डोक्यावर घेतात, २०२५ चं टायटल आलं, शे गिल्जस-अलेक्झांडर एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम खेळाडू) झाला, सगळं खरं. पण २०२० ला याच माणसानं सतराव्या नंबरच्या पोकुशेव्स्कीसाठी सौदा केला होता आणि ते पोरगं टिकलं नाही. २०२१ ला सहाव्याला जॉश गिडी घेतला, चांगला खेळाडू, पण शे आणि जेलन विल्यम्सच्या हातात बॉल असताना गिडी नुसता कोपऱ्यात उभा राहणार आणि त्याला तिथून शूट जमत नाही, हे तीन वर्षांत कळलं, मग २०२४ ला त्याला देऊन ॲलेक्स करूसो आणला. म्हणजे चुका झाल्याच, पण चूक ओळखायला वेळ लावला नाही आणि अंगाला लावून पण घेतली नाही. आणि दुसरीकडं लू डॉर्टला कुणी ड्राफ्टच केलं नव्हतं, ॲरन विगिन्स ५५ वा, आणि हे दोघं चॅम्पियन टीमच्या रोटेशनमध्ये, म्हणजे नेहमी खेळणाऱ्यांत. जेलन विल्यम्स बारावा, आणि तो पिक पण २०१९ ला पॉल जॉर्ज क्लिपर्सला दिला त्या ट्रेडमधूनच आलेला, त्याच ट्रेडमध्ये शे पण आला.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ओकेसीकडं हरायला वेळ होता. २०२०-२१ ला २२ विजय, मग २४, मग ४०, मग ५७, मग ६८. पहिली दोन वर्षं पोरांनी बॉल घालवला, डिफेन्समध्ये झोपली, शेवटच्या मिनिटाला वेडेवाकडे शॉट मारले, तरी कोच त्यांना बाहेर काढत नव्हता, कारण हरून काही बिघडणार नव्हतं. चेट होमग्रेन पायाच्या दुखापतीनं पहिलं अख्खं वर्ष बसला तरी कुणी घाई केली नाही. तुमच्या कुमिंगाचं पहिलं वर्ष म्हणजे २०२१-२२, त्या वर्षी वॉरियर्स चॅम्पियन झाले! करीच्या आयुष्यातला एक एक सीझन सोन्यासारखा, तिथं एकोणीस वर्षांच्या पोराला चौथ्या क्वार्टरमध्ये चुका करायला कोण देणार? मग तो शिकणार कुठं? एकाच चुलीवर दोन भांडी ठेवायला गेले.

पणजी_बेंच

नुसतं हरून पोरं घडत असती तर फिलाडेल्फिया सिक्सर्सचं काय झालं ते आठवा. २०१५-१६ ला १०-७२. तीन वर्षं ओळीनं सेंटर घेतले, नोएल, एम्बीड, ओकाफोर, आणि तिघांना खेळवायला जागा एकच. एम्बीड पहिली दोन वर्षं एकही मॅच खेळला नाही तरी २०२३ ला एमव्हीपी झाला, बाकी दोघं कुठं गेले? मिनिटं असून भागत नाही, ती कुठल्या जागेवर, कुणाबरोबर मिळतायत ते बघायला पाहिजे. आणि २०१७ ला तर बोस्टनला जास्तीचा पिक देऊन वर चढले, फुल्ट्झ घेतला, बोस्टननं खाली उतरून तिसऱ्या नंबरवर टेटम घेतला.

डिचोलीकर_थंडर

@पणजी_बेंच हे मान्य. हरणं ही फक्त सवड, त्या सवडीत काय करता ते वेगळं. आमच्याकडं खालची टीम ओक्लाहोमा सिटी ब्लू, ती २०२४ ला जी लीगची, म्हणजे एनबीएच्या खालच्या लीगची, चॅम्पियन झाली, ते लोकांना माहीत पण नसतं. वर ज्या पद्धतीनं खेळतात तीच पद्धत खाली, त्यामुळं पोरगं वर आलं की त्याला नव्यानं भाषा शिकावी लागत नाही.

म्हापसा_पॉइंटगार्ड

हा विषय माझ्या फार जवळचा आहे म्हणून सविस्तर लिहिते. मी कॉलेजपर्यंत खेळले, आता नोकरी सांभाळून शनिवार-रविवार म्हापशाला दहा ते सोळा वयाच्या मुलांना शिकवते, सात वर्षं झाली.

दादा, तुमच्या प्रश्नात दोन वेगळे हिशेब एकाच वहीत लिहिलेत, म्हणून बेरीज जुळत नाही. पहिला हिशेब निवडीचा. तो फक्त त्या दिवशी जे माहीत होतं त्यावर मांडायचा. दुसरा हिशेब घडवण्याचा, तो त्या दिवसापासून पुढं. 'याच्यानंतर कोण आला' ही यादी पहिल्या हिशेबात चालत नाही, कारण बेन तिसाव्या नंबरला गेला याचा अर्थ त्याला जवळजवळ सगळ्याच टीमनी सोडला. तिसाव्या टीमला तो मिळाला म्हणून दुसरी टीम गाढव ठरत नाही. यानिस २०१३ ला पंधरावा गेला, योकिच २०१४ ला एकेचाळिसावा, मग त्याआधी निवडलेले सगळे मूर्ख म्हणायचे का?

आता वाइजमन. त्या दिवशी काय माहीत होतं? कॉलेजच्या ३ मॅचा. कोविडमुळं मार्च २०२० मध्ये कॉलेजचे सीझन बंद पडले, समोर बोलावून नीट तपासायला पण बंधनं. सात फूट उंची, धावतो छान, उडी छान, हे दिसत होतं. पण वॉरियर्सचा सेंटर काय काम करतो ते बघा. तो रिंगखाली उभा राहून बॉल मागत नाही. तो फ्री थ्रो लाइनच्या कोपऱ्यावर बॉल घेऊन उभा राहतो, करी त्याच्या अंगाला घासून पळत येतो, आणि त्या अर्ध्या सेकंदात सेंटरनं बघायचं की करीचा डिफेंडर मागं राहिला, की मधून घुसला, की दोघंही करीकडंच धावले. मागं राहिला तर बॉल हातात द्यायचा, दोघं धावले तर स्वतः वळून रिंगकडं जायचं किंवा कोपऱ्यातल्याला पास. प्रत्येक वेळी वेगळं उत्तर. हे केव्हॉन लूनीला येतं. लूनी २०१५ ला तिसावा पिक, पायात उडी नाही, दोन्ही खुब्यांची ऑपरेशनं झालेली, टीमनं तर त्याचा करार चौथ्या वर्षासाठी वाढवायचा हक्क सोडूनच दिला होता, तरी २०२१-२२ मध्ये ८२ च्या ८२ मॅच खेळून तोच चॅम्पियन टीमचा सेंटर. कारण त्यानं ती अर्ध्या सेकंदाची वाचणी हजार वेळा केलेली. तीन मॅच खेळलेल्या पोराला तुम्ही असल्या टीममध्ये टाकणार आणि लगेच जिंकायला पण पाहिजे, हे गणित त्या दिवशीच चुकलं होतं. म्हणून माझ्या मते वाइजमन हा निवडीच्या हिशेबातला दोष. पोरगा वाईट म्हणून नाही, या घरासाठी तो नव्हता. नंतर त्याचा गुडघा गेला, २०२४ ला इंडियानात पहिल्याच मॅचला अकिलीस गेला, त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कुमिंगाचं उलट. सातवा पिक, जी लीगच्या इग्नाइट टीममधून आलेला, ड्राफ्टच्या दिवशी अठरा वर्षांचा. त्या दिवसाच्या माहितीवर मला त्यात चूक दिसत नाही. खोट आहे ती दुसऱ्या हिशेबात, आणि तिथं थोडी त्याची पण. त्याला बॉल हातात घेऊन रिंगवर चढायला आवडतं, आणि कोच स्टीव्ह करची पद्धत म्हणजे बॉल सोडा, पळा, कापा, स्क्रीन लावा (डिफेंडरची वाट अडवा). वर ड्रेमंड ग्रीन बाहेरून शूटर नाही, २०२५ ला जिमी बटलर आला तो पण लांबून तीन पॉइंटचा शॉट मारणारा नाही, त्यात कुमिंगा म्हणजे तीन डिफेंडर आरामात रिंगजवळ गर्दी करून उभे. म्हणून बसवला. एप्रिल २०२५ मध्ये महत्त्वाच्या मॅचना कोर्टवर पाय पण ठेवू दिला नाही, आणि महिन्याभरात करीचा स्नायू दुखावल्यावर त्याच पोरानं मिनेसोटाविरुद्ध तिसऱ्या मॅचला ३० पॉइंट केले. आता सांगा, हा पोरगा चांगला की वाईट? तो तोच होता हो, त्याला दिलेली जागा बदलली.

मडगावचा_तीस_नंबर

३० पॉइंट केले ती मॅच हरली. ती सिरीज ४-१ नं गेली.

म्हापसा_पॉइंटगार्ड

हो, हरली. मी जिंकली म्हटलं नाही. मी म्हणतेय की एका खेळाडूला बाहेरून मोजताना पॉइंटची सरासरी सगळ्यात कमी सांगते. यानिस रुकी, म्हणजे पहिल्या, सीझनला सरासरी ६.८ पॉइंट करायचा. ड्रेमंड ग्रीन पहिल्या वर्षी ३ पेक्षा पण कमी. त्या आकड्यांवर दोघांना घरी पाठवलं असतं.

कुर्टीचा_गार्ड

@म्हापसा_पॉइंटगार्ड ताई, हे असं कुणी समजावून सांगितलंच नव्हतं. मग मी घरी बसून मॅच बघताना नेमकं काय बघू? पॉइंट नाही तर काय?

म्हापसा_पॉइंटगार्ड

मी काय करते ते सांगते. एक पोरगा आणि एकच गोष्ट, आणि ती दोन-तीन सीझन धरून ठेवायची. समजा कुमिंगाचे फ्री थ्रो. शूटिंग सुधारतंय का हे कळायला फ्री थ्रोसारखी गोष्ट नाही, कारण तिथं डिफेंडर नाही, घाई नाही, फक्त हात आणि रिंग. तो तिसऱ्या वर्षी पंचाहत्तरीला पोचला आणि चौथ्या वर्षी परत सत्तरच्या खाली आला. म्हणजे हातात अजून बसलेलं नाही. ही गोष्ट मला त्याच्या ३० पॉइंटपेक्षा जास्त सांगते.

याच्या उलट उदाहरण कवाय लेनर्ड. २०११ ला पंधरावा पिक, स्पर्सनी ड्राफ्टच्या रात्री जॉर्ज हिल देऊन इंडियानाकडून घेतला. कॉलेजात तिनाचा शॉट ३० टक्क्यांच्या पण खाली, आणि एनबीएच्या पहिल्याच सीझनला ३७ टक्क्यांवर. त्यांच्याकडं चिप एंगलंड म्हणून शूटिंगचा कोच होता, त्यानं कवायचा बॉल सोडायचा हात डोक्याच्या मागून थोडा पुढं आणि खाली आणला, बस. अख्खा शॉट मोडला नाही, एकच जागा बदलली. तोच एंगलंड २०२२ पासून ओकेसीत आहे, डिचोलीकर दादांना माहीत असेलच. लोक प्रेस्टीचे ड्राफ्ट पिक मोजतात, मी हा पण मोजते.

मुलांना शिकवताना हे रोज दिसतं. मागच्या पावसात, बाहेरच्या कोर्टवर शेवाळ धरतं म्हणून आम्ही हॉलमध्येच असतो, एक बारा वर्षांची मुलगी सारखा बॉल डावीकडं मारत होती. सगळे सांगायचे कोपर आत घे, कोपर आत घे. तिला अजूनच जमेना. मी खाली वाकून बघितलं तर तिचा उजवा पाय बाहेरच्या बाजूला वळलेला, त्यामुळं कंबर फिरायची, कंबरेमागं खांदा फिरायचा. जमिनीवर चिकटपट्टी लावली आणि म्हटलं अंगठा या पट्टीवर ठेव, हाताचा विचारच करू नको. तीन आठवडे लागले. ज्यांनी फक्त मॅच बघितली ते म्हणतील एकदम सुधारली. एकदम काही नव्हतं.

साखळीचा_बाबा

ताईंनी चांगलं लिहिलंय. माझा आणखी एक मुद्दा, मी मुळात फुटबॉलवाला.

आपल्या गोव्यात धेंपो क्लबनं राष्ट्रीय लीगची (पुढं तिलाच आय-लीग म्हणायला लागले) ५ टायटलं जिंकली, २०१२ पर्यंत. तिथं आर्मांदो कुलासो कोच म्हणून किती वर्षं होते बघा, आणि समीर नाईक, क्लिफर्ड मिरांडा असली आपली पोरं त्याच क्लबात वाढली, एकाच पद्धतीत. पोरगं चुकलं तरी कोचला माहीत होतं की उद्या पण मीच इथं आहे आणि हे पण इथंच आहे. २०१६ ला धेंपो, साळगांवकर, स्पोर्टिंग आय-लीगमधून बाहेर पडले तेव्हा आमच्या गावातल्या पोरांच्या पायाखालची शिडीच गेली. मी स्वतः बघितलंय, सतरा-अठराची चांगली पोरं, पुढं खेळायचं कुठं तेच कळेना, एक आता टॅक्सी चालवतो. त्यामुळं ड्राफ्ट पिक चांगला की वाईट यापेक्षा मला वाटतं खाली शिडी आहे की नाही ते आधी बघा. अमेरिकेत निदान जी लीग आहे, वरच्या आणि खालच्या टीमसाठी मिळून एकच टू-वे करार आहे, पोरगं खाली जाऊन परत वर येऊ शकतं.

पणजी_बेंच

बाबा, पण एकच कोच असून भागतं असं पण नाही ना. कर २०१४ पासून आहे, टीमची पद्धत तीच, तरी ही तीन पोरं अडकली.

साखळीचा_बाबा

बरोबर आहे तुझं. पण याच करच्या हाताखाली जॉर्डन पूल घडला की. २८ वा पिक, पहिल्या वर्षी शूटिंग इतकं वाईट की बघवत नव्हतं. २०२१ ला खाली जी लीगला पाठवला, तिथं बॉल हातात, रोज भरपूर मिनिटं, परत आला तो वेगळाच होऊन. पुढच्या वर्षी १८ च्या वर सरासरी आणि फ्री थ्रोमध्ये लीगमध्ये पहिला, टायटल पण. शिडी वापरली ती पूलसाठी. वाइजमनला दुखापतीमुळं ती फारशी वापरता आली नाही, आणि कुमिंगाला वरच ठेवून बेंचवर बसवला असं माझं मत.

म्हापसा_पॉइंटगार्ड

@साखळीचा_बाबा अगदी. आणि जागा मोकळी करून देणं पण घडवण्यातच येतं. २०१२ च्या मार्चमध्ये वॉरियर्सनी मॉन्टा एलिसला ट्रेड केला, लोक किती चिडले होते, पण त्यामुळं क्लेला खेळायला मिळालं. २०१४ ला डेव्हिड ली जखमी झाला म्हणून ड्रेमंड स्टार्ट करायला लागला आणि परत बसलाच नाही. पस्तिसावा पिक. त्या वेळी जागा रिकामी झाली, थोडी ठरवून, थोडी नशिबानं. २०२१ ला जागाच रिकामी नव्हती.

उंच मुलांबद्दल मला जरा बोलायचंय, कारण वाइजमनपेक्षा हे मला जास्त लागतं. आपला सतनाम सिंग, पंजाबातल्या बल्लो के गावचा, सात फूट दोन इंच, २०१५ ला डॅलसनं ५२ वा घेतला. भारतात जन्मलेला पहिला ड्राफ्ट पिक. मला त्या दिवशी किती अभिमान वाटला होता. पण तारखा बघा, १६ जूनला वॉरियर्स टायटल जिंकले ते सहा फूट सहाच्या ड्रेमंडला सेंटरला खेळवून, आणि २५ जूनला सतनाम ड्राफ्ट झाला. रिंगखाली पाठ करून खेळणाऱ्या मोठ्या सेंटरचं दुकान ज्या महिन्यात बंद व्हायला लागलं त्याच महिन्यात आपला पोरगा आत गेला. एनबीएची एकही मॅच त्याला मिळाली नाही. आणि त्याला लहानपणापासून काय शिकवलं असेल? उंच आहेस, रिंगखाली उभा राहा.

आमच्याकडं आजही हेच चालतं. एक मुलगा माझ्याकडं आला तेव्हा सोळा वर्षांचा. सहावीत असताना वर्गात सगळ्यात उंच होता, शाळेच्या सरांनी चार वर्षं रिंगखाली उभा केला, ड्रिबल केलं तर ओरडायचे, बॉल दुसऱ्याला दे म्हणायचे. शाळा तालुक्यात जिंकली पण. दहावीपर्यंत बाकीची मुलं त्याच्या उंचीला आली आणि याच्या हातात काहीच नव्हतं, डाव्या हातानं बॉल दोनदा आपटता येत नव्हता. माझ्यासमोर रडला तो. आता रोज दोन खुर्च्यांमधून डाव्या हातानं बॉल नेतो, दीड वर्ष झालं, अजून मान खाली घालून बॉलकडंच बघतो. मी त्याला सांगते मान वर. त्या सरांनी जिंकायला घाई केली, हाच तो वॉरियर्सचा घोळ.

मडगावचा_तीस_नंबर

@म्हापसा_पॉइंटगार्ड हे वाचून मी गप्प झालो खरं तर. मी मघाशी एका ओळीत उत्तर दिलं. वाइजमनबद्दल आपलं मत एकच निघालं पण कारण वेगळं. मूडीबद्दल काय वाटतं? मला तो आवडतो पण त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही.

म्हापसा_पॉइंटगार्ड

मूडी हा चांगला पिक. चौदाव्या नंबरला तुम्हाला स्टार मिळत नाही बहुतेक वेळा. रोटेशनमध्ये टिकणारा, डिफेन्स करणारा, कोपऱ्यातून तीन टाकणारा माणूस मिळाला, त्याला ऑक्टोबर २०२४ मध्ये तीन वर्षांचा नवा करार पण दिला. तीन वर्षं कधी खेळव कधी बसव असं झालं तरी त्यानं तोंड वाकडं केलं नाही. शेंगून झाला नाही म्हणून मूडी वाईट म्हणणं हा त्या पोरावर अन्याय.

डिचोलीकर_थंडर

आणि नंतर वॉरियर्स पण शिकलेच की. २०२३ ला एकोणिसाव्याला पोजेम्स्की, कॉलेजात खेळून तयार झालेला, पास करता येतो, रिबाउंडला धडपडतो. पहिल्या वर्षी ७४ मॅच खेळला, ऑल-रुकी पहिल्या टीममध्ये आला. तो आणि आमचा जेलन विल्यम्स दोघंही सांता क्लारा कॉलेजचे, फार नावाजलेलं नाही, पण दोघं खेळ समजून आले. आपल्या घरात कोण रुळेल ते आधी बघून घेतला, उंची बघून नाही.

कुर्टीचा_गार्ड

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस परत परत वाचतोय. मावसभावाला पण दाखवलं, तो म्हणाला वाइजमनचं मी बरोबर होतो, मी म्हटलं कुमिंगाचं मी. पण आता आम्ही दोघांनी एक वही केलीय, खरोखरची, पाठकोऱ्या कागदांची. या सीझनला पोजेम्स्की घेतलाय, आणि एकच गोष्ट, बॉल हातात नसताना तो किती वेळा जागा बदलतो. काल पहिल्या हाफला मोजलं. इतकं कंटाळवाणं वाटेल असं वाटलं होतं पण पहिल्यांदाच मी करीकडं न बघता मॅच बघितली आणि माझं कुंडईचं स्टॉप गेलं.

ताई, आणखी एक विचारतो. माझा भाचा तेरा वर्षांचा आहे, आमच्या घरात सगळ्यात उंच, आणि शाळेत त्याला पण रिंगखालीच उभा करतात. फोंड्याहून म्हापसा लांब पडतं पण रविवारी मी आणू शकतो.

म्हापसा_पॉइंटगार्ड

घेऊन ये दादा. रविवारी सकाळी साडेसातला. पाण्याची बाटली आणि स्वच्छ तळव्यांचे बूट, बाहेर घालतो ते नको, हॉलची फरशी घसरते. बॉल आमच्याकडं आहेत. पहिले दोन महिने त्याला रिंगकडं शूट करायला देणार नाही, फक्त दोन्ही हातांनी ड्रिबल आणि पास, हे त्याला आधीच सांगून ठेव, नाहीतर पहिल्या दिवशी हिरमुसतो.